घराण्यातली साखर

आमच्या मराठवाड्यात मधुमेहाला मधुमेह म्हणणारी माणसे थोडी. नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, माणूस सांगतो, "मला शुगर आहे." ऐकणारा लगेच दोन प्रश्न विचारतो. पहिला, "गोळीवर आहात की इंजेक्शनवर?" आणि दुसरा, "घराण्यात कुणाला होती का?" विचारणाऱ्याला उत्तराची फारशी अपेक्षा नसते, विचारपूस करण्याची ती एक रीत आहे. परंतु या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध असेल, साखर घराण्यात कोणत्या वाटेने आली यावरून गोळी की इंजेक्शन हे ठरत असेल, असे पुष्कळ वर्षे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. तो संबंध कसा सापडला, त्याची हकीकत मला सांगायची आहे. मी वैद्य नव्हे. इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे औषध कसे लागू पडते याइतकेच ते कोणत्या वाटेने आपल्या घरापर्यंत आले याचेही मला कुतूहल वाटते.

हा विचार आपल्याकडे अगदीच नवा आहे असे नाही. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला; दुसरा अपथ्यातून उत्पन्न झालेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश, रुक्ष, थोडे खाणारा आणि सारखा तहानलेला असतो. दुसऱ्या प्रकारचा स्थूल, पुष्कळ खाणारा आणि अंथरूण-आसनाची आवड असलेला असतो, असे त्याने वर्णन केले आहे. चरकाने याच्या मुळाशी जाऊन 'बीजदोष' हा शब्द वापरला. मधुमेही माणसाच्या पोटी जन्मलेल्याला जो रोग होतो तो बीजातल्या दोषामुळे होतो, आणि म्हणून तो असाध्य, असा त्याचा निर्वाळा आहे. निरीक्षण किती सूक्ष्म होते याचे आपल्याला कौतुक वाटते. पण कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. 'बीजदोष' हा शब्द वैद्याला पुढचे काही सांगत नव्हता. बीज दिसत नव्हते, दोष दिसत नव्हता, आणि असाध्य म्हटल्यावर विचारही तेथेच थांबत होता. तो पुढे जायला विसावे शतक उजाडावे लागले.

घराण्यात साखर असणे ही एकच गोष्ट नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. आपल्या आजूबाजूला चाळिशी-पन्नाशीत जो मधुमेह दिसतो, तोही घराण्यात चालतो. पण तो पुष्कळ ठिकाणी केलेल्या किरकोळ उधारीसारखा असतो. शेकडो जनुकांतले बारीकसारीक फरक, त्यात खाणे, वजन, बसून राहणे, वय यांची भर, आणि सगळे मिळून एक दिवस कर्ज डोईजड होते. लहान मुलांना अचानक होणारा जो मधुमेह, त्यात शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. तेथे इन्शुलिनच्या इंजेक्शनाला पर्याय नाही. यांखेरीज एक तिसरी, संख्येने लहान अशी जात आहे. तिच्यात एकाच जनुकातला एकच दोष सगळे घडवून आणतो. ही एकाच सावकाराची उधारी. कागद एक, तो बापाकडून किंवा आईकडून मुलाकडे येतो, आणि प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता निम्मी असते. या तिसऱ्या जातीच्या माणसांना आधीच बाजारात असलेली, जुनी, स्वस्त गोळी देऊन पाहिली तेव्हा काय झाले, हा या लेखाचा विषय.

तेव्हा आधी त्या गोळीची जन्मकथा पाहू.

सन १९४२. दुसरे महायुद्ध चालू होते. दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए या गावी मार्सेल जांबाँ नावाचे डॉक्टर विषमज्वराच्या रोग्यांना एक नवे सल्फा औषध देऊन पाहत होते. सल्फा औषधे तेव्हा जंतूंवरचा रामबाण उपाय म्हणून गाजत होती. पण या औषधाने भलतेच घडू लागले. रोग्यांना दरदरून घाम सुटे, शुद्ध हरपे, आकडी येई, काही दगावलेही. रक्त तपासले तेव्हा त्यातली साखर फार खाली गेलेली आढळली. जांबाँ यांनी ही गोष्ट ऑगस्त लूबातियेर या सहकाऱ्याच्या कानावर घातली. लूबातियेर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. स्वादुपिंड जागेवर असलेल्या कुत्र्याची साखर या औषधाने उतरे. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याची उतरत नसे. निष्कर्ष सरळ होता. औषध स्वतः साखर उतरवीत नाही. ते स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेते. जंतूंवरच्या औषधाचा एक घातक दोष हाच दुसऱ्या रोगावरचा गुण ठरणार होता. पण युद्धाच्या धामधुमीत त्याचा बोलबाला झाला नाही.

पुढचा टप्पा बर्लिनमध्ये आला. हान्स फ्रांके आणि योआखिम फुक्स हे दोघे डॉक्टर अशाच एका सल्फा औषधाची परीक्षा करीत होते. फुक्स यांनी ते स्वतःच घेऊन पाहिले, आणि हात थरथरणे, घाम येणे, भूक लागणे ही सगळी लक्षणे स्वतःच्या अंगावर अनुभवली. १९५५ साली त्यांनी मधुमेहींवरचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लगोलग, १९५६ साली, टोलब्युटामाइड आले. ते हेक्स्ट या जर्मन कंपनीने 'रास्टिनॉन' या नावाने विकले. तिसरे, अधिक जोरकस औषध ग्लिबेनक्लामाइड. ते १९६९ साली बाजारात आले. त्याचे व्यापारी नाव 'डाओनिल', आणि ते आपल्याकडच्या जुन्या मंडळींना अजून आठवत असेल. मुंबईत मुलुंडला हेक्स्टचा कारखाना होता. मोंढ्यातल्या औषधाच्या दुकानापर्यंत त्यांचा माल येई. पुढे याच कुळातल्या ग्लिक्लाझाइड आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या आल्या. आज लातूर-नांदेडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी, कोणत्याही मेडिकलमध्ये, या कुळातली गोळी मिळते आणि ती स्वस्त आहे.

ही गोळी करते काय, ते कळायला आणखी काळ जावा लागला. शेतात दारे धरणाऱ्या माणसाला ते समजावून सांगणे सोपे आहे. एक दार मातीने बंद केल्याशिवाय पाणी पुढच्या सरीत चढत नाही. इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच्या भिंतीतही पोटॅशियमची ये-जा होण्याचे एक दार असते. जेवणानंतर रक्तात साखर आली की पेशी ती जाळते, त्यातून शक्ती निर्माण होते, ती शक्ती हे दार बंद करते, आणि दार बंद झाले की पुढची कळ फिरून इन्शुलिन बाहेर पडते. साखरेने हे दार बंद होते, हे ऑक्सफर्डला फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी १९८४ साली दाखवले. डाओनिलच्या कुळातल्या गोळ्या हेच दार दुसऱ्या बाजूने ढकलून बंद करतात. साखर जाळणे, शक्ती निर्माण होणे, या मधल्या पायऱ्यांची त्यांना गरज लागत नाही. हे एवढे लक्षात ठेवले तर पुढची सगळी हकीकत उलगडते.

आता घराण्याकडे वळू. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात स्टीफन फायान्स नावाचे डॉक्टर होते. १९५० नंतरच्या दशकात त्यांना काही मुले आणि तरुण माणसे अशी आढळली की ज्यांना मधुमेह होता, पण सौम्य. इन्शुलिनवाचून ती जगत होती. फायान्स यांनी त्यांना नुकतेच निघालेले टोलब्युटामाइड देऊन पाहिले, आणि १९६० साली कळवले की अशा तरुणांची साखर पचवण्याची शक्ती या गोळीने सुधारते. यांतल्या एका घराण्याचा त्यांनी १९५८ पासून पिच्छा पुरवला. हे घराणे मूळचे प्रशियातले, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले. वैद्यकाच्या ग्रंथांत ते केवळ दोन आद्याक्षरांनी ओळखले जाते, आणि ते योग्यच आहे. फायान्स यांनी या घराण्यातल्या साडेतीनशेहून अधिक माणसांची वंशावळ मांडली, पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे रक्त तपासले, कुणाला कितव्या वर्षी साखर दिसली ते लिहून ठेवले. जनुक कोणते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. औषध होते, घराणे होते आणि वही होती. १९९६ साली जेव्हा त्या घराण्याचे जनुक सापडले तेव्हा ते या वहीमुळेच सापडले.

लंडनमध्ये रॉबर्ट टॅटरसॉल यांनी १९७४ साली अशाच तीन घराण्यांचे वर्णन केले, आणि पुढल्या वर्षी फायान्स यांच्याबरोबर या रोगाला रूढ झालेले नाव दिले: तरुणांतला प्रौढ धाटणीचा मधुमेह. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर मंडळी त्याला 'मोडी' म्हणतात. मराठी माणसाला हे नाव ऐकून जुन्या दप्तरातली लिपी आठवावी, आणि ते फार गैर नाही. तीही वाचता आली तरच घराण्याचा कागद कळतो. आपल्या देशात मद्रासच्या डॉ. व्ही. मोहन यांनी सहकाऱ्यांसह १९८५ साली अशा रोग्यांविषयी लिहिले. पुढे त्यांच्याच संस्थेत डॉ. राधा वेंकटेशन यांनी जनुकांच्या तपासणीचे काम उभे केले. २०१८ साली या मंडळींनी दक्षिण भारतातल्या १५२ रोग्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत अधिक वेळा आढळलेला दोष एचएनएफ-१ आल्फा या जनुकातला होता.

या जनुकाचे नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण त्याच्यावर झालेली एक परीक्षा लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडात एक्सेटर येथे अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसत होते की या दोषाची माणसे सल्फाच्या कुळातल्या गोळीला विलक्षण दाद देतात. दिसणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. म्हणून त्यांनी ३६ माणसे घेतली. १८ जणांत हा जनुकदोष होता. उरलेल्या १८ जणांना नेहमीचा मधुमेह होता, पण वजन आणि साखर या बाबतींत ते पहिल्या गटाशी मिळतेजुळते होते. प्रत्येकाला सहा आठवडे ग्लिक्लाझाइड आणि सहा आठवडे मेटफॉर्मिन देण्यात आले. कुणाला आधी हे, कुणाला आधी ते. म्हणजे प्रत्येक माणूस स्वतःचाच तराजू झाला. २००३ साली निकाल प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मधुमेहींत दोन्ही औषधांचा गुण जवळपास सारखा होता. जनुकदोष असलेल्यांत मात्र ग्लिक्लाझाइडने साखर मेटफॉर्मिनच्या पाचपटीहून अधिक उतरली. बाहेरून पाहता दोन्ही गटांच्या रोगाचे नाव एकच, रक्तातली साखर तितकीच, वजन तितकेच. फरक फक्त बीजात. चरकाचा शब्द पहिल्यांदा औषधाच्या चिठ्ठीपर्यंत आला तो येथे.

कारणही वर सांगितलेल्या दारातच आहे. या लोकांच्या पेशीत साखर जाळून शक्ती निर्माण करण्याची पायरी कच्ची असते, त्यामुळे दार नीट बंद होत नाही. गोळी ती पायरी ओलांडून थेट दारालाच हात घालते.

यापुढची गोष्ट तान्ह्या मुलांची आहे. जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत मुलाला मधुमेह होणे ही फार विरळा गोष्ट. लाखभर जन्मांत एखादे मूल. अशा मुलाला इन्शुलिन द्यायचे आणि ते जन्मभर द्यायचे, यापलीकडे विचार होत नसे. २००४ साली हॅटर्सली आणि अ‍ॅना ग्लॉइन यांच्या गटाने दाखवले की यांतल्या अनेक मुलांत त्या पोटॅशियमच्या दाराच्याच जनुकात दोष असतो. दार उघडे ते उघडेच राहते. पेशी जिवंत आहेत, आत इन्शुलिन आहे, पण ते बाहेर पडत नाही. मग विचार आला: जे दार साखरेच्या शक्तीने बंद होत नाही, ते डाओनिलने ढकलून होईल काय? २००६ साली उत्तर आले. ४९ रोग्यांना इन्शुलिनवरून गोळीवर आणण्याचा प्रयत्न झाला. ४४ जणांचे इन्शुलिन पूर्णपणे सुटले. यात तान्ही मुले होती तशीच जन्मापासून इंजेक्शने घेत मोठी झालेली माणसेही होती. गोळीवर त्यांची साखर इन्शुलिनवर होती त्याहून चांगली राहिली. २०१८ साली अशा ८१ जणांचा सरासरी दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला; ७५ जण तोवर केवळ गोळीवर होते. काही मुलांत हेच दार मेंदूतही सदोष असते, त्यामुळे मान धरणे, चालणे, बोलणे मागे पडते. गोळी लवकर सुरू झाली तर त्यातही काही सुधारणा दिसते. म्हणजे येथे निदानाला लागलेला प्रत्येक महिना मुलाच्या वाढीतून वजा होत असतो.

ही मात्रा नेहमीपेक्षा बरीच मोठी असते, वजनाच्या हिशेबाने आणि इस्पितळात डोळ्यांसमोर ठेवून वाढवली जाते. तरी औषध तेच, आपल्या आजोबांच्या उशाशी होते ते. नवे औषध शोधावे लागले नाही. कोणाला द्यायचे ते शोधावे लागले.

हे सगळे माँपेलिए, बर्लिन, मिशिगन, एक्सेटर येथे घडले. आमच्या नांदेड-लातूरला त्याचे काय, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या उन्हाळ्यात आहे. इन्शुलिन थंड जागी ठेवावे लागते. वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, वीज जाते, आणि पुष्कळ घरांत अजूनही कुपी ओल्या मडक्यात ठेवतात. शेतमजुराच्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात मूल इंजेक्शनवर असणे म्हणजे काय, हे सांगायला आकडे नकोत. दिवसातून तीन-चार वेळा सुई, बोटे टोचून साखर पाहणे, कोप्यावर थंडाव्याची सोय नाही, आणि मुलगी असेल तर पुढे लग्नाची चिंता आतापासूनच. अशा एखाद्या मुलाला वास्तविक गोळी पुरेशी असेल आणि ते कुणालाही ठाऊक नसेल, तर ते दुःख टाळता येण्याजोगे होते.

मराठवाड्यातला रोगी पूर्वी दूर जाई. निजामाच्या राज्यात आणि त्यानंतरही नांदेडचा रोगी गाडीने हैदराबादला, उस्मानिया इस्पितळात जाई. लातूरचा सोलापूरची वाट धरी. अंबाजोगाईला १९७४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, नांदेडला १९८८ साली, लातूरला २००२ साली. आता मोठा डॉक्टर दोनशे मैलांवर राहिला नाही. नवजात मधुमेहाच्या बाबतीत तर अंतर आणखी कमी झाले आहे. नऊ महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या मुलाच्या जनुकांची तपासणी एक्सेटरची प्रयोगशाळा जगातल्या कोणत्याही गावच्या डॉक्टरसाठी विनामूल्य करते, आणि मद्रासलाही हे काम होते. मूल नांदेडलाच राहते. प्रवास रक्ताचा थोडासा नमुना करतो. तरी पहिले पाऊल गावातच पडावे लागते. कुणीतरी विचारावे लागते, "पहिल्यांदा साखर दिसली तेव्हा बाळ किती महिन्यांचे होते?" आज दहावीत शिकणाऱ्या किंवा संसारात पडलेल्या माणसालाही हा प्रश्न विचारता येतो, कारण बीज बदलत नाही.

येथे एक इशारा स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे, कारण दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात. मुलांना होणारा बहुतेक मधुमेह हा या जातीचा नसतो. त्यांच्या शरीरात इन्शुलिन उरलेलेच नसते, आणि ज्या पेशी नाहीत त्यांना गोळी काय ढकलणार? लूबातियेर यांच्या कुत्र्यांनी ते १९४२ सालीच सांगितले आहे. अशा मुलाचे इन्शुलिन कुणाच्या सांगण्यावरून, कुठल्या काढ्याच्या किंवा गोळीच्या भरवशावर बंद केले तर काही दिवसांत जिवावर बेतते. तेव्हा हा लेख वाचून कुणी इंजेक्शन थांबवू नये. डॉक्टरला प्रश्न विचारावा. रक्तात प्रतिपिंडे आहेत काय, शरीरात स्वतःचे इन्शुलिन अजून होते काय, हे दाखवणाऱ्या तपासण्या आहेत. त्यांनी वाट दाखवली तर जनुकाची तपासणी, आणि मगच निर्णय. उलट दिशेनेही लाभ होतो. १९९२ साली सापडलेल्या ग्लुकोकायनेज नावाच्या जनुकाच्या दोषात साखर जन्मभर किंचित वर असते, पण तिच्यामुळे सहसा अपाय होत नाही. अशा माणसाला गरोदरपणाचा काळ सोडला तर औषधाची गरजच नसते.

आमच्या भागातले कोडे आणखी अवघड आहे, हेही सांगितले पाहिजे. येथे तरुण वयात साखर झालेला माणूस पुष्कळदा लठ्ठ नसतो. तो सुश्रुताच्या पहिल्या रोग्यासारखा, काटकुळा असतो. पण काटकुळा आहे म्हणून त्याचा रोग सहज असे म्हणता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि मुले यांचा जो अभ्यास चालवला, त्यात आढळले की आपली बाळे जन्मतः हडकुळी दिसली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असते. आईच्या पोटातली उपासमार पुढे मधुमेहाची जमीन तयार करते. तरुणपणी मधुमेह झालेल्या सोळाशेहून अधिक रोग्यांचा अभ्यास याज्ञिकांच्या गटाने स्वीडनच्या संशोधकांबरोबर २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक जणांत इन्शुलिनचीच मोठी तूट दिसली. २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणातून होणाऱ्या मधुमेहाला स्वतंत्र, पाचवा प्रकार म्हणून मान्यता दिली. ज्या जिल्ह्यांनी दुष्काळ पिढ्यान्‌पिढ्या पाहिला, तेथे घराण्यात चाललेली गोष्ट बीजाची की भुकेची, हे नुसते पाहून ओळखता येत नाही. भूकही वारशाने येते, एवढेच की तिचा वारसा जनुकातून येत नाही.

बीजाची वाट ओळखायची तर घराणे नीट ठाऊक पाहिजे, आणि येथे आपल्याकडे एक विलक्षण विसंगती आहे. वंशावळीचा आपल्याला सोस आहे. त्र्यंबकेश्वरी आणि नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या कित्येक पिढ्यांची नावे निघतात. पण त्या वह्यांत रोगाला जागा नसते, आणि लेकीची शाखा एका नावापाशी संपते. एका जनुकाचा मधुमेह लेक आणि लेक असा भेद करीत नाही. तो मुलीबरोबर सासरी जातो, तेथे आडनाव बदलतो आणि आपल्या नजरेआड होतो. मामाला, मावशीला आणि आजीच्या भावाला विशीत साखर झाली होती, हे तीन वेगळ्या आडनावांचे लोक एकत्र बसल्याखेरीज कळणारच नाही. फायान्स यांनी वही मांडली तेव्हा ती मुलांची तशीच मुलींचीही मांडली होती.

दुसरी गोष्ट नात्यातल्या लग्नांची. आमच्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. देगलूर, उदगीरच्या पलीकडे तेलंगण-कर्नाटकात मामा-भाचीचेही लग्न होते. या चालीला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण काही जनुकदोष असे असतात की ते आई आणि बाप दोघांकडून आले तरच रोग होतो, आणि नात्यातल्या लग्नात तशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. तान्ह्या मुलांच्या मधुमेहाचे असे काही प्रकार आहेत की त्यांत डाओनिलचा उपयोग होत नाही. म्हणून नात्यातल्या जोडप्याच्या मुलाबाबत डॉक्टरला ते नाते न लाजता सांगावे. तपासणीत कोणते जनुक आधी पाहायचे, हे त्यावर ठरते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या सगळ्या हकीकतीत एक गोष्ट मोठी वाटते. गोळी १९५६ सालापासून होती. घराणी त्याहून किती जुनी. दोघांची गाठ पडायला पन्नास वर्षे लागली, आणि ती पडली ती एका बाजूला जनुक वाचणाऱ्या यंत्रांमुळे, तर दुसऱ्या बाजूला आजोबा-पणजोबांचे आजार चिकाटीने विचारून लिहून ठेवणाऱ्या माणसांमुळे. यांतले पहिले साधन आपल्या हातात नाही. दुसरे आहे.

दिवाळी हा त्याला अनुकूल काळ. भाऊबिजेला लेकी माहेरी येतात, म्हणजे वहीत न सापडणारी शाखा त्या दिवशी आपल्या पाटावर जेवायला बसलेली असते. फराळाची ताटे फिरतात आणि कुणीतरी अनारशाला हात न लावता म्हणते, "मला नको, शुगर आहे." त्या वेळी "घराण्यात कुणाला होती का?" एवढ्यावर थांबू नये. कितव्या वर्षी झाली, तेव्हा अंगाने कसे होते, गोळी चालली की सुई लागली, किती वर्षे चालली, हे विचारावे. घरात थोराड बाळे जन्मली होती काय, हेही आजीला विचारावे; एका जनुकदोषात बाळ सरासरी पाऊण किलोने जड जन्मते, असे २००७ साली आढळले आहे, आणि बाळंतपणाच्या आठवणी आजीइतक्या कुणाच्या पक्क्या नसतात. एका कागदावर हे मांडावे. चार पिढ्या, दोन्ही बाजू, लेकी-सुनांसकट. बहुतेक घरांत त्या कागदातून नेहमीच्या मधुमेहापलीकडे काही निघणार नाही, आणि ते चांगलेच. पण एखाद्या घरात तिन्ही पिढ्यांत पंचविशीच्या आतल्या वयांची रांग दिसेल, किंवा नावापुढे 'सहा महिन्यांचे असताना' असे लिहिले जाईल. त्या घराने तो कागद घडी घालून डॉक्टरकडे न्यावा.